पुलापर्यंतचं फिरणं

त्या दिवशी धुकं लई दाट होतं, दहा पावलांपुढचं दिसत न्हवतं. तरी म्या नेमानं फिराय निघालो.

आमचा बाप म्हातारपणी सगळं इसरला होता. थोरल्या भावाचंबी तेच झालं. तवा भूमच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "बाबा, हे तुमच्या घराण्यात दिसतंय. पण रोज चाला, तंबाखू सोडा, माणसांत बसून बोला. धोका कमी होतो." जन्माची तंबाखू म्या त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली. तवापासून रोज पुलापर्यंत जातो अन् माघारी येतो.

त्या दिवशी पुलाजवळ शेजारच्या दत्तूनं मोटरसायकल आडवी घातली अन् माझा दंड धरला.

"तात्या, कुठं निघालाव?"

"फिराय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"बरं बरं. बसा मागं, घरी सोडतो."

"आरं, मला घर ठावं हाय. तू दत्तू, तुझ्या म्हशीचं नाव चंद्री, परवा ती व्याली. अजून काय सांगू?"

तो हसला, पर दंड काय सोडला न्हाय.

घरी सूनबाईनं मला आत घेतलं अन् दाराला कडी घातली. "आता एकट्यानं जायचं न्हाय, मामंजी."

म्या खिडकीतून दत्तूला म्हणलं, "चाललो न्हाय तर खरंच इसरंन की रं!"

दत्तू हळूच म्हणाला, "तात्या, तुमचे वडीलबी पुलावर सापडले की असंच म्हणायचे, फिराय निघालोय."