सासूबाईंची दुसरी वाटी

माझ्या नखांना हसताय ना? मग आमच्या कोपरगावच्या सासूबाईंचं ऐका.

धाकट्या दिराच्या लग्नासाठी मी हौसेनं लांब खोटी नखं लावून घेतली. हळदीला त्याच्या गालाला पहिली हळद मीच फासली आणि ती सगळी नखांच्या आत जाऊन बसली. धुऊन निघेना, काडीनं कोरावं तर नखच उचकटायची भीती. दुसऱ्या दिवशी लग्नात हेच पिवळे हात मिरवायचे होते.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी नेहमीसारखी कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. मग शेजारी दुसरी वाटी सरकवून म्हणाल्या, "टाक तुजी नखं हितं."

"आई, ती निघत नाहीत. चिकटवलीत."

"निघत न्हाईत? मंग कसली खोटी? माजे दात बघ, कवाबी काढावं, धुवावं!"

शेवटी त्यांनीच माझा हात मांडीवर घेतला. साबणाच्या कोमट पाण्यात ब्रश बुडवून, बोटं उताणी धरून, एकेक नख आतून हळूहळू घासलं. दहाही नखं लख्ख! माझ्या आईनंसुद्धा कधी एवढे लाड केले नव्हते, मला तर भरूनच आलं.

तेवढ्यात ब्रशकडं लक्ष गेलं. "आई, हा ब्रश कशाचा?"

"कवळीचा."

मी हात झटकन मागं घेतला, तर त्याच वैतागल्या.

"तुला काय झालं? आता नवा ब्रश मला आणावा लागंल. नखातली घान काय दातांना लावू?"