थंड खोलीतला कापूस

तानाबाई : हळू बोल रे घनश्याम. आत तुहा कापूस झोपून हाये. त्याची झोपमोड होईन.

घनश्याम : माय, तू पुन्हा सुरू झाली.

तानाबाई : मी कुठं? मी नुसती पाहून राह्यली. मातीची थंड खोली कापसाले, आन् तुही चार वर्साची पोर निशिगंधा टिनाच्या शेडात.

घनश्याम : टिनाखाली कापूस वाळते, वजन घटते. भाव चढू दे, लगेच खोली खाली करतो.

तानाबाई : हे तू संक्रांतीले म्हणलं, होळीले म्हणलं. आता वैशाख लागला.

घनश्याम : ऊन काय मी पाडून राह्यलो? सारी दुनिया तापून राह्यली. परवा सभेत त्या संस्थेवाल्या मॅडमनं सांगतलं नाही का, हवामान बदललं म्हणून.

तानाबाई : सांगतलं ना. पोरायले उनापासून जपा म्हणे. तू तं सगळ्यात पुढं बसून मुंडी हालवत होता. मले वाटलं, घरी जाऊन पोरीले आत नेईन. तू कापसावर चादर पांघरली.

(शेडातून मुलीचं कण्हणं ऐकू येतं.)

घनश्याम : काय झालं तिले?

तानाबाई : काही नाही. सकाळपासून अंग भट्टीवानी हाये, उलट्या झाल्या. तिची माय कुंदा ओल्या फडक्यानं पुसून राह्यली. तू बस, मोबाइलात भाव पाहा.

घनश्याम : मले काहून नाही सांगतलं?

तानाबाई : मोबाइलात तिचा भाव येत नाही ना.

घनश्याम : दवाखान्यात नेऊ, चाल.

तानाबाई : नर्सबाई येऊन गेली. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजा, थंड जागी निजवा, ताप नाही उतरला तं मारेगावच्या दवाखान्यात न्या म्हणे. घरात थंड जागा हाये का, असं इचारलं तिनं. म्या म्हणलं, हाये, पण तिथं पाहुणे हायेत.

घनश्याम : माय...

तानाबाई : अंगणवाडीत पोरीले काट्यावर बसवलं, तं वजन घटलेलं. टिनाखाली वाळतेच म्हणा. तूच तं सांगतलं.

घनश्याम : कुंदा, पोरीले इकडं आण. मी कापूस काढतो.

कुंदा : कुठं ठेवसान तो?

घनश्याम : शेडात.

कुंदा : आन् त्याचं वजन?

घनश्याम : तू पोरीले उचल.

तानाबाई : इथं निजव, भिंतीले लागून. पाय मोकळे ठेव तिचे. आन् घनश्याम, गाठोडे हळू ओढ बाबू. आता खरंच कोणी झोपून राह्यलं.