एकतीस जून

(कलकत्ता. नदीमापन कचेरीतली कॉम्प्युटरची खोली. दुपारचे दोन.)

लीना : हे केव्हापासून चाललंय, श्यामकांत?

श्यामकांत : साडेअकरापासून. साहेबांचं काम आहे. कार्डं लावली आणि तडक हावड्याला गेले, दिल्लीची गाडी पकडायला.

लीना : टेप तेवढ्याच भागावर मागेपुढे होतेय. कार्ड दाखवा बघू. अहो, ही तारीख वाचा.

श्यामकांत : एकतीस जून.

लीना : सापडत नाही म्हणून मशीन मागे जातं, पुन्हा शोधतं. जन्मभर शोधेल. ही तपकिरी भुकटी बघा, टेप झिजतेय. थांबवा.

श्यामकांत : साहेबांची सही आणा. तुम्हीच तर...

लीना : माहीत आहे.

श्यामकांत : नाही, ऐकाच लीनाताई. मार्चमध्ये तुमचं काम अडकलंय असं वाटलं म्हणून मी थांबवलं. तुम्ही दोन पानी तक्रार केलीत. तेव्हापासून नियम, ज्याचं काम त्याच्या सहीशिवाय बंद करायची कळ दाबायची नाही. मसुदा तुमचा, मेमो मला.

लीना : ते अडकलं नव्हतं. याच टेपची प्रत काढत होते मी.

श्यामकांत : मग पुन्हा काढली नाहीत?

लीना : मशीनवर पुन्हा पाळीच मिळाली नाही. हुगळीवरच्या बजबज घाटावरची अकरा वर्षांची पाण्याची पातळी आहे हिच्यावर. मूळ कार्डं बुरशीनं गेली. ही एकच उरलीय.

श्यामकांत : डेप्युटी साहेबांना फोन करून बघा.

लीना : (फोन ठेवून) म्हणाले, मला अधिकार नाही, उद्या साहेबांना दिल्लीला ट्रंककॉल लावू.

श्यामकांत : मग चारपर्यंत धीर धरा, रोजच्यासारखी वीज जाईल. वीज जायच्या आधी सगळी कामं थांबवायची मला मुभा आहे.

लीना : आज जाणार नाही. कुणी बडे पाहुणे शहरात आलेत, म्हणून. सकाळीच वीज कंपनीचा फोन आला.

श्यामकांत : घ्या! रोज जाते म्हणून शिव्या घालतो, आणि आज जायला हवी तर जात नाही. असं करू, मी नोंदवहीत लिहितो, वीज गेली. कोण बघतंय?

लीना : खोटी नोंद नको. त्या घाटावरचा माणूस अकरा वर्षं भिजत खरे आकडे लिहीत आलाय.

श्यामकांत : मग मी नाही दाबणार. दुसरा मेमो आला की नोकरी गेली, बेहाला भागातलं बिऱ्हाड गुंडाळायचं.

लीना : तुम्ही नका दाबू. कळ कुठली, ही लाल?

श्यामकांत : ताई, पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करणार आहेत.

लीना : लाल ना?

श्यामकांत : ...लाल. थांबा, मी चहाला जातो. मी काही पाहिलं नाही.

लीना : जाऊ नका. कळ मी दाबली असं नोंदवहीत लिहितेय, त्याखाली साक्षीदाराची सही लागते.

श्यामकांत : हेही तुमच्याच मसुद्यात?

लीना : माझ्याच. पेन द्या.