थर्मामीटरचं फडकं

रिसोडच्या स्टँडवर उकंडराव कीर्तनाच्या गावी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होते. मागच्या बाकावर सासू-सुनेचं चाललेलं. उकंडरावांनी निरूपणाला द्यावा तसा कान दिला.

"आत्याबाई, हवेतली ओल मोजाच्या थर्मामीटरचं ओलं फडकं तुमी काढलं?"

"मंग! दोन थर्मामीटर शेजारी, एक कोरडा, अन् दुसरा बिचारा भिजून राह्यला."

"अवो, फडकं सुकते तसा तो थंड होते. हवा कोरडी असली का दोघांत फरक पडते. आता दोन्ही सारखेच. आमी समजलो हवा दमट, अन् उकडलेली हळद झाकून आलो!"

"या उन्हात? सडंन ना ते!"

"फडकं कुठं हाय?"

"देवघरात. मऊ होतं, विठोबाले पुसाले घेतलं."

"आता वो?"

"नवऱ्याले फोन लाव, निकिता. हळदीवरची ताडपत्री काढ म्हणा, अन् देवघरातलं फडकं नेऊन परत थर्मामीटरले बांध म्हणा. देवाले मी पदरानं पुसीन."