हॉटेलच्या मॅनेजरला डॉक्टर म्हणायचं नसतं

हॅलो?… हां, बोल ताई… नाही गं, जेवण झालं, वर्ग तीनला आहे. वाटाणे सोलत बसलेय… हो, मी बरी… मुलंही बरी… हो, मांजरसुद्धा बरं आहे… ताई, बोगोटात आज कुणीही आजारी नाही. आता तुझ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावाच्या ईमेलबद्दल बोलूया?

वाचला ना… पूर्ण वाचला, दोनदा… नाही, हसले नाही… बरं, थोडी हसले.

अगं ऐक ना. आधी सांग, प्रश्न काय होता?… बरोबर. हॉटेलात उतरलात, गरम पाणी नाही, खिडकीखाली रस्ता खोदतायत. मॅनेजरला लिहा, तक्रार करा, खोली बदलून मागा. एकशे चाळीस ते एकशे नव्वद शब्द. आता तू काय लिहिलंयस ते मी आपल्या भाषेत वाचून दाखवते, म्हणजे तुझं तुलाच ऐकू येईल… लाजतेस काय, तूच लिहिलंयस ना.

'अत्यंत आदरणीय डॉक्टर मॅनेजरसाहेब.'

ताई, हॉटेलचा मॅनेजर डॉक्टर कधी झाला?… टाय घालत असेल म्हणून? अगं, टाय घातला की डॉक्टर हे आपल्याकडे. तुमच्या कंपनीचे बर्नालसाहेब डॉक्टर, नोटरी डॉक्टर, बँकेतला तो टकल्या डॉक्टर. ताप आला की यांतला एक कामाचा नाही. परीक्षेचा पेपर तपासणारी बाई म्हणेल, ही हॉटेलात उतरली होती की इस्पितळात?… नाही, 'इंजिनियरसाहेब' पण नाही. काहीच नाही. नुसतं आडनाव… उद्धट नाही ते. इंग्रजीत तसंच असतं.

पुढे ऐक. 'हे पत्र आपणांस उत्तम प्रकृतीत, आपल्या सन्माननीय कुटुंबासमवेत, देवाच्या कृपेत सापडो अशी मनोमन प्रार्थना करते.'… नाही गं, वाईट नाही. सुंदर आहे. पण सुंदर लिहायला सांगितलंय कुणी? मग त्याच्या आईची चौकशी. मग त्याचा अमूल्य वेळ घेतल्याबद्दल माफी. मग माफी मागण्यात वेळ घेतल्याबद्दल माफी… हो, मागितलीयस, चौथी ओळ बघ… बघितलीस? नमनालाच घडाभर तेल. मी मोजले ताई. एकशे बारा शब्द झाले आणि तू अजून हॉटेलात शिरलेली नाहीस.

काय?… हो, पाण्याचं लिहिलंयस. वाचते. 'नळाचं पाणी किंचितसं गारसं वाटलं, अर्थात चूक माझीच असेल, मला नळ फिरवता आला नसेल.'…

त्याला वाईट वाटेल? कुणाला? तो माणूस अस्तित्वातच नाही, ताई.

आणि रस्ता खोदणाऱ्यांबद्दल काय, तर 'ती मुलं बिचारी कष्टाची आहेत'. आणि शेवटी चीजच्या पावांची पिशवी पाठवतेस… तक्रार करताना रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणजे? तू कुठेही जात नाहीयेस. ईमेल आहे तो… नाही, माझं म्हणणं असं नाही की तुला इंग्रजी येत नाही. इंग्रजी तुझं छान आहे. तुमच्या अख्ख्या फाका गावात तुझ्याइतकं पत्र कुणाला लिहिता येत नाही. लोक फादरकडे जाण्याआधी तुझ्याकडे येतात. तेच तर दुखणं आहे. मांजराला 'अहो' म्हणणारी बाई तू, तुला तक्रार लिहायची म्हणजे जड जाणारच.

हो, शनिवारी. आठ वाजता. मला माहितीय… बर्नालसाहेबांनी नक्की काय सांगितलं ते परत सांग बघू… म्हणजे निर्यातीचं टेबल, ज्याच्याकडे इंग्रजीचा दाखला त्याला. नसला कुणाकडे तर त्यांच्या जावयाला. त्या यामिदला. ज्याला गुलाब आणि कोबी यातला फरक कळत नाही त्याला. तू बावीस वर्षं त्या कंपनीत फुलांची खोकी मोजतेस, परदेशातल्या गिऱ्हाइकांना सांभाळतेस, आणि उद्या यामिदच्या हाताखाली बसणार? तो तुला डॉक्टर म्हणायला लावेल, लिहून ठेव… टायसुद्धा घालत नाही तो, तरी.

मग? मार्चमध्ये बाकी सगळ्यात पास झालीस. ईमेल अर्धा राहिला म्हणून नापास झालीस… हो, बस बंद पडली होती, लक्षात आहे माझ्या. पण बस बंद पडली नसती तरी त्या अर्ध्यात काय असणार होतं? मॅनेजरच्या आईची तब्येत.

बरं, आता मी सांगते तसं कर. तुला खोट्या माणसाचा राग येत नाही ना? खऱ्याला लिही. राग कुणाचा येतो तुला?… कुणाचाच नाही? यामिदचा?… 'त्याला आई नाही बिचाऱ्याला'. धन्य आहेस. लुइस एन्रिकेचा?… अगं नवरा तुझा, चष्म्याच्या दुकानवालीबरोबर पळाला, आणि तू त्याचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरून दिलेस… चुरगळले असते तर चुरगळले असते ना. तिनं केली असती इस्त्री.

मग मला लिही.

हो, मला. माझ्याविरुद्ध… का नाही? माझ्यात खोट काढायला जागा आहे भरपूर. दर रविवारी येते, तुझं बटाट्याचं सूप ओरपते, उरलेलं डब्यात भरून नेते, डबे परत आणत नाही. अकरा डबे आहेत माझ्याकडे. आत्ता हे वाटाणेसुद्धा तुझ्याच डब्यात पडतायत… नाही, खरंच, मला राग येणार नाही. उलट मजा येईल. सोळा वर्षं लोकांना इंग्रजीत तक्रार करायला शिकवतेय, माझ्याविरुद्ध अजून कुणी केली नाही.

नियम ऐक. डॉक्टर नको. देव नको. माफी नको. घरच्यांची चौकशी नको. पहिल्याच वाक्यात तक्रार. मग काय झालं, केव्हापासून झालं. शेवटी काय हवंय आणि कधीपर्यंत. खाली नाव. बस. मी थांबते फोनवर, वीस मिनिटं देते, तू…

काय?… लिहिलेला आहे? कुणाला, मला?…

कधी लिहिलास? मसुद्यात पडलाय?… मग पाठव की. ताई, भीड भिकेची बहीण म्हणतात ते तुझ्याकडे बघूनच. पाठव. मी शिक्षिका म्हणून सांगते… नाही, चिडणार नाही. डब्यांची शपथ. बोट ठेव आणि दाब… दाबलंस?… परत दाब.

आला आला. थांब, चष्मा घेते. मोठ्यानं वाचू?… मी वाचणारच.

'प्रिय योलिमा.' शाब्बास. नुसतं प्रिय, नुसतं योलिमा. पेपर तपासणारी खूश झाली बघ.

'मी ही तक्रार आपल्या आईच्या देखभालीविषयी करत आहे.'…

अं?… नाही नाही, वाचतेय. पहिल्या वाक्यात तक्रार. बरोबर आहे… वाचते म्हटलं ना, थांब.

'आई चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. तू दर रविवारी बारा वाजता येतेस आणि तीन वाजता जातेस. या चार वर्षांत ती तुझ्या घरी एकदाही राहिलेली नाही.'…

असं कसं, एकदा तरी… डिसेंबरात, नाताळच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला… नाही, ते रद्द झालं. हो… हो, मीच केलं रद्द.

'मार्चमध्ये बस बंद पडली नव्हती.'…

ताई.

'शेजारच्या त्रिनिदादबाई आईजवळ बसायला येणार होत्या, त्या आल्या नाहीत. आईने दूध गॅसवर ठेवलं आणि जपमाळ घेऊन बसली. पातेलं जळलं, पडदा पेटता पेटता राहिला. घर सावरून मी परीक्षेला चाळीस मिनिटं उशिरा पोहोचले.'…

मला का नाही सांगितलंस?… फोन करायचास ना. मी आले असते… 'तुझा शनिवारचा वर्ग असतो'. असतो तर असतो. अगं मी तुझी बहीण आहे, हॉटेलची मॅनेजर नाही.

हो. वाचते पुढे. 'येत्या शनिवारीही त्रिनिदादबाईंना जमणार नाही. तरी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत येऊन आईला घेऊन जावं आणि सोमवारी आणून सोडावं. उत्तराची वाट पाहते. एर्मिंदा.'

…

आहे मी. कट नाही झाला… काही नाही, नाक पुसतेय… हो, रडतेय, वाटाणे आहेत, कांदा असता तर त्याच्यावर ढकललं असतं.

केव्हा लिहिलंस हे खरं सांग… मार्चमध्येच? परीक्षेहून आलीस त्याच दिवशी? आणि शेवटचा परिच्छेद मंगळवारी घातलास. म्हणजे तीन महिने हे तसंच पडून होतं. दर रविवारी तू मला सूप वाढलंस, वर मका वाढलास, 'अजून घे, बारीक झालीस' म्हणालीस, आणि हे सगळं आत ठेवून. आणि मी काय म्हणत होते? 'ताई, तुला जरा रोखठोक व्हायला शिकायला हवं.' तोंडात घास घेऊन.

माफी मागू नकोस… एर्मिंदा, खबरदार माफी मागितलीस तर. तूच माझी माफी मागणार आणि मीच 'असू दे' म्हणणार, हेच केलंय आपण आजवर. मऊ लागलं म्हणून मी कोपरानं खणत गेले. मला वाईट वाटतंय आणि वाटलंच पाहिजे. वाटू दे.

गुण?… आत्ता गुण विचारतेस?… पैकीच्या पैकी. खोडायला एक शब्द नाही. शनिवारी अस्संच लिही, फक्त माझ्या जागी हॉटेल घाल.

हो, शुक्रवारी येते… म्हणजे ऐक ना, शुक्रवारी माझा सहाचा वर्ग असतो, त्यामुळे पाचला फाकात म्हणजे… शनिवारी पहाटे आले तर? तू आठला… काय?

'पत्रात शुक्रवार लिहिलंय.'

हो. लिहिलंय.

बदलते वर्ग. त्यांना सांगते, तुमच्या बाई घरगुती कारणास्तव येणार नाहीत. कारण खरं असेल, पहिल्यांदाच… हसतेस काय? चांगलीच तयार झालीस की. एका ईमेलात.

आई कुठाय?… ऐकतेय? केव्हापासून?… पहिल्यापासून? सगळं? मग दे तिला, दे.

आई, मी योलिमा… हो, धाकटी… शुक्रवारी तुला न्यायला येते… हो, मीच, दुसरं कुणी नाही… घे ना, तुझं पांघरूण घे… आमच्याकडे आहेत पांघरुणं, पण घे… संत अंतोनी? ती मूर्ती केवढी मोठी आहे, आई… बरं, घे. पुढच्या सीटवर बसवू… कॅनरी पण? पिंजऱ्यासकट? घरात मांजर आहे माझ्या… तुला मांजर माहीत नाही? नऊ वर्षांचं आहे ते… नाही, त्याला दुसऱ्या खोलीत ठेवू.

चौथा मजला… आहे, लिफ्ट आहे, जिना नाही चढायचा… हो, खिडकी आहे. मोठी. मोनसेर्रातेचा डोंगर दिसतो, वरचं पांढरं देऊळसुद्धा दिसतं… खरंच, झोपल्या झोपल्या दिसतं… पडदे? पिवळे आहेत… तीन वर्षं झाली आई, या घरात येऊन.

नाही… तू विसरली नाहीस. विसरायला तू पाहिलेलंच नाहीस.

सोमवारपर्यंत. ताईनं सोमवार लिहिलंय… महिनाभर?… अगं, तीन दिवसांचं ठरलंय, मुलांची शाळा, माझे वर्ग, आणि ती लहान खोली इस्त्रीच्या टेबलानं भरलीय… बघू आपण…

नाही. बघू नाही. ये, आई. महिनाभर ये. टेबल काढते मी. आजच काढते, ठेव फोन.