जाळीतला कापूस

अकोटच्या स्टँडवर, अकोल्याच्या गाडीच्या रांगेत, माझ्यापुढे सुंदराबाई नावाची एक म्हातारी आणि सोलरचं काम करणारा धर्मेंद्र उभे होते.

"काकू, काल तुमचा इन्व्हर्टर खोलला मी."

"फॅन जाम झाला असन. जिनिंगच्या बाजूले घर हाय, कापूस उडून जाळीत बसते."

"गल्लीतले सारे फॅन जाम हायेत. तुमच्या फॅनले एक तूस नाही."

"आमचे हे साफ करत. दर रविवारी, दाढीच्या ब्रशनं."

"पण काकाले करंट लागून वर्ष झालं ना."

"हो."

"मंग आता कोण साफ करते?"

"तू नाही करत का?"

"मी तं वर्षानं कालच आलो. तो ब्रश कोणाले देला का तुमी?"

"कोणाले देईन? सरणावर त्याईच्या संगच ठेवला म्या."

"काकू, अकोल्याले काय काम काढलं?"

"लेकीकडं चालली. उद्या रविवार हाय, हे येऊन फॅन साफ करतीन. तवा मी घरात नाही राहत."

"काहून?"

"एकडाव मंधातच बटण चालू केलं होतं म्या."