चाकाखालचं लिंबू

मले एक सांगा बे, मोटरीले लिंबू समजते काय? काऊन इचारून राह्यलो, ते आयका.

वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, तवाची गोष्ट. आमचा हौशी मोटरवाल्यायचा एक क्लब होता. एका रविवारी वडनेरच्या पडीक वावरात आमी खेळ मांडला. दोन-दोन लिंबं ठेवून वाकडीतिकडी वाट आखली. मोटर त्यायच्या मधून काढाची, लिंबू दबलं की नंबर गेला. बक्षीस पितळी भोंगा, अन् पंच आमचे वकीलसाहेब.

मी एकही लिंबू न दाबता आलो. मंग सोनाळ्याचे पाटील निघाले, मोटर नवीकोरी. पह्यलं लिंबू फचकन्! दुसरं फचकन्! एखादं हुकलं त पाटील मोटर मांगं घेत, नेम धरत अन् चाकाखाली चिरडूनच पुढं जात. एकही सोडलं नाही. खाली उतरून त्यायनं मोटरीले हात जोडले.

"पाटील, लिंबं वाचवाची होती!" वकीलसाहेब वरडले.

"वाचवाची?" पाटील म्हणे, "मंग चाकापुढं ठेवली काऊन?"

आमी पोट धरधरून हासलो. भोंगा मले भेटला.

संध्याकाळी घरी निघालो, त पाटलाची मोटर एका हँडलात सुरू. माही काही केल्या होये ना. हँडल मारू मारू खांदे गेले. चौघायनं ढकलली, तरी ढिम्म. शेवटी भोंगा बगलेत धरून मी वकीलसाहेबाजवळ गेलो अन् हळूच इचारलं,

"साहेब, एखादं लिंबू उरलं काय हो?"